‘थोडं वाढलंय’ म्हणजे किती?

मी कंटेंट रायटर आहे. बीए इंग्लिश केलं, दोन वर्षांपूर्वी मिरजेहून नोकरीसाठी चेन्नईला आले आणि तेव्हापासून रोज काही ना काही लिहिते. ‘शुगर आटोक्यात ठेवणारे ५ पदार्थ’, ‘हाय बीपीची ७ लक्षणं’ असले लेख तुम्ही मोबाइलवर वाचले असतील, तर त्यातला एखादा माझा असू शकतो. लिहिताना मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली असते आणि शेजारी केळ्याच्या वेफर्सचं पाकीट असतं. हे आधीच कबूल केलेलं बरं.

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला. टी. नगरमध्ये रविवारी मोफत आरोग्य मेळावा होता आणि स्वयंसेवक हवे होते. डॉक्टर, नर्स, लॅबवाले ठरलेले होते. फॉर्म भरायला, रांग लावायला आणि लोकांशी बोलायला माणसं कमी पडत होती. ‘तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी येणाऱ्यांनी जरूर यावं’ असं त्यात लिहिलं होतं. मराठी शब्द दिसला म्हणून मी हो म्हटलं. मनात हेही होतं की दोन-चार फोटो निघतील आणि एक लेख होईल. लेख झाला, पण डोक्यात होता तो हा नव्हे.

साड्यांच्या पिशव्या आणि शुगरची रांग

टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. जस्टिस पार्टीचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचं नाव या भागाला दिलं आहे. शंभर वर्षांपूर्वी इथे मोठा तलाव होता. तो भरून काढून १९२०च्या दशकात ही वस्ती वसवली गेली. आज तिथे पाण्याऐवजी माणसांचा पूर असतो. मांबलम स्टेशनवर उतरलात की रंगनाथन स्ट्रीटची गर्दीच तुम्हाला पुढे नेते. साड्या, स्टीलची भांडी, सोनं सगळं इथेच. पुण्यात लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग एकत्र करून त्यात दिवाळीचा आदला दिवस घातला, तर थोडीफार कल्पना येईल.

मेळावा अशाच एका गल्लीतल्या शाळेच्या हॉलमध्ये होता. सकाळी आठला दार उघडलं तेव्हा बाहेर चाळीसेक माणसं उभी होती. फिरायला निघालेले आजोबा होते, दुकानं उघडण्याआधी आलेल्या सेल्सगर्ल्स होत्या, फुलं विकणाऱ्या अक्का होत्या, आणि साडी घ्यायला बाहेरगावाहून आलेलं एक अख्खं कुटुंबही होतं. ‘फुकट आहे तर बघून घेऊ’ म्हणून ते रांगेत शिरलं होतं.

टेबलं ओळीने मांडली होती. पहिल्यावर नोंदणी, दुसऱ्यावर उंची-वजन-कंबर, तिसऱ्यावर बीपी, चौथ्यावर बोटाला टोचून शुगर, पाचव्यावर डोळे आणि शेवटी डॉक्टर. प्रत्येकाच्या हातात एक गुलाबी कार्ड. टेबलागणिक त्यावर एकेक आकडा लिहिला जायचा.

मला दुसऱ्या टेबलावर बसवलं आणि हातात शिंप्याची टेप दिली.

टेपचं गणित

टेप बघून माझा थोडा हिरमोड झाला. नंतर कळलं की त्या हॉलमधलं सगळ्यात स्वस्त आणि फार कामाचं साधन तेच होतं.

चेन्नईतले मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमधल्या सहकाऱ्यांनी २००५ साली भारतीयांसाठी एक सोपं गुणपत्रक तयार केलं. त्याला इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर म्हणतात. रक्त काढावं लागत नाही, मशीन लागत नाही. चार प्रश्न आणि एक टेप पुरते. घरी बसून करून बघा:

• वय: ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ असेल तर २०, ५० पासून पुढे ३०.
• कंबर: बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत ०, ८० ते ८९ ला १०, ९० पासून पुढे २०. पुरुषांची ९० च्या आत ०, ९० ते ९९ ला १०, १०० पासून पुढे २०.
• हालचाल: नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर ०, दोन्हींपैकी एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०.
• आईवडील: दोघांनाही मधुमेह नसेल तर ०, एकाला असेल तर १०, दोघांनाही असेल तर २०.

बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा आणि रक्ततपासणी करायलाच हवी. ३० ते ५० म्हणजे मधला. याने मधुमेह झालाय की नाही ते कळत नाही. आपण कोणत्या रांगेत उभे आहोत, एवढं कळतं.

टेबल रिकामं होतं तेव्हा मी माझंच गणित केलं. वय पंचवीस, म्हणजे शून्य. कंबर ८४, म्हणजे दहा. व्यायाम नाही आणि काम खुर्चीतलं, म्हणजे तीस. आईला शुगर आहे, म्हणजे आणखी दहा. एकूण पन्नास. मी काही केलं नाही तर पस्तिसाव्या वाढदिवसाला केक कापताकापता वीस गुण आपोआप वाढणार आणि मी सत्तरवर जाणार. वय माझ्या हातात नाही आणि आईवडीलही नाहीत. पण पन्नासांपैकी चाळीस गुण कंबरेचे आणि खुर्चीचे होते. त्या दिवशी वेफर्सचं पाकीट घरीच राहिलं होतं, ते बरंच झालं.

‘नॉर्मल ताने?’

दहाच्या सुमारास बीपीच्या टेबलावर गर्दी वाढली आणि मला तिकडे मदतीला पाठवलं. तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या. आयुष्य सरकारी दवाखान्यात काढलेल्या, बोलायला कडक आणि हाताला हलक्या. त्यांनी मला दोन मिनिटांत काम शिकवलं. मशीन त्या लावणार, मी माणसाला नीट बसवायचं.

नीट बसवणं ही मोठी गोष्ट आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नाहीत. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवर नाही. अर्ध्या तासात कॉफी किंवा सिगारेट झालेली नको. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायचं. आणि मोजताना बोलायचं नाही. चेन्नईत कॉफीचा नियम पाळणं आणि टी. नगरात गप्प बसणं, दोन्ही अवघड. मी तासभर तीनच वाक्यं म्हणत होते: “उक्कारुंग, पेसादींग, काल क्रॉस पण्णादींग.” बसा, बोलू नका, पाय एकमेकांवर टाकू नका.

मोजून झालं की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा: “नॉर्मल ताने?” नॉर्मलच आहे ना? या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. समोरच्याने फक्त मान डोलवायची असते.

मध्ये मी फुशारकीने सिस्टरना म्हणाले, “मी हाय बीपीच्या लक्षणांवर लेख लिहिलाय.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “कसली लक्षणं? बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणून तर आपण इथे बसलोय.”

माझ्या लेखात सात लक्षणं होती.

विट्याजवळचे काका

साडेदहाच्या आसपास एक गृहस्थ समोर आले. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, बोटांच्या टोकांवर पिवळट काळे डाग. कार्डावर भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलेलं बघून मी म्हटलं, “बसा काका. कुठले तुम्ही?”

ते दचकलेच. “आगं, मराठी बोलतीस! तू कुठली?”

“मिरजेची.”

“मिरजंची? मग आपलीच की! आमी खानापूर तालुक्यातलं, विट्याजवळ. बत्तीस वर्सं झाली हितं. गलाईचं काम.”

सांगलीकरांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा कमी पावसाचा पट्टा. शेतीवर भागत नाही म्हणून तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी शुद्ध करायच्या धंद्यात गेली. जुने दागिने वितळवायचे, आम्ल वापरून भेसळ काढायची आणि शुद्ध धातू परत द्यायचा, ही गलाई. देशात जिथे सराफ बाजार आहे तिथे मागच्या एखाद्या गल्लीत विट्याकडचा माणूस सापडतो. टी. नगरच्या झगमगत्या शोरूममधला हार सगळे बघतात. त्याच्या आधीची भट्टी कुणी बघत नाही. एका लहान खोलीत उष्णता, धूर, आम्लाचा वास, दुपारचं जेवण हॉटेलातलं आणि रात्रीची झोप त्याच खोलीच्या माळ्यावर. काकांनी मला हे सगळं पाच मिनिटांत सांगितलं. खरं तर ती पाच मिनिटं त्यांनी गप्प बसायचं होतं. पण इतक्या दिवसांनी गावाकडची बोली कानावर पडत होती, मीही त्यांना थांबवलं नाही.

सिस्टरनी मोजलं. १७८ वर १०४. सिस्टर म्हणाल्या, “आता बोलायचं नाही,” आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं. १७२ वर १०२. १४०/९० पासून पुढे वाढलेलं धरतात. सिस्टरनी कार्डावर आकडा लिहिला, त्याभोवती लाल गोल केला आणि मला म्हणाल्या, “यांना सांग, सरळ डॉक्टरांच्या टेबलावर जायचं.” एवढं बोलून त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

काकांनी मला विचारलं, “काय म्हनत्यात? नॉर्मल हाय न्हवं?”

आणि मी म्हणाले, “थोडं वाढलंय काका. उन्हातून आलाय ना, म्हणून असेल. काळजी करू नका. तिकडे डॉक्टर आहेत, एकदा दाखवून घ्या.”

यातलं एकही वाक्य मी वाईट हेतूने बोलले नाही. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, परमुलखात एकटा, चेहऱ्यावर भीती. मला ती भीती पुसायची होती. ती मी चांगलीच पुसली. काका हसले, “तेच म्हनलं, आपल्याला काय हुतंय,” म्हणाले, कार्ड घडी करून खिशात घातलं आणि डॉक्टरांच्या टेबलाऐवजी सरळ दाराकडे गेले. मी पुढच्या आजींचे पाय खाली ठेवण्यात गुंतले होते. मी त्यांना जाताना बघितलं नाही.

लाल गोल कुठे गेला?

साडेअकराला सिस्टर नोंदवहीत लाल गोलवाल्यांची नावं डॉक्टरांच्या यादीशी ताडून बघत होत्या. एक नाव जुळेना.

“तो एकशे बहात्तरवाला कुठे गेला?”

मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. मी काय बोलले ते शब्दशः सांगितलं. सिस्टर रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या फक्त म्हणाल्या, “घाबरवू नको असं आम्ही सांगितलं होतं, मा. आकडा लपव असं नव्हतं सांगितलं.”

नोंदणीच्या फॉर्मवर एक रकाना होता: पुढच्या चौकशीसाठी फोन केला तर चालेल का? काकांनी त्यावर बरोबरची खूण केली होती. सिस्टरनी फोन माझ्या हातात दिला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

“काका, मी मिरजेची. मघाशी बीपीला होते.”

“हां बोल की.”

“मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. तुमचं बीपी थोडं वाढलेलं नाही, बरंच वाढलेलं आहे. वरचा आकडा १७२ आणि खालचा १०२. पुन्हा मोजूनही तेवढाच आला. आजच डॉक्टरांना दाखवायला हवं. एक वाजेपर्यंत डॉक्टर इथे आहेत.”

थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मागे ब्लोअरचा आवाज येत होता.

“आता भट्टी पेटवलीया,” ते म्हणाले. “फुडच्या रव्वारी दावतो.”

“पुढच्या रविवारी इथे कुणी नसेल काका.”

पुन्हा शांतता. मग एकदम खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “किती म्हनालीस? एकशे बहात्तर?”

“हो.”

“दोन वर्सामागं गावाकडं डागदरनं गोळी दिलती. तवा एकशे साठ हुतं. महिनाभर खाल्ली. बरं वाटाय लागलं, म्हनून बंद केली.”

बरं वाटायला लागलं म्हणून बंद केली. माझ्या लेखातली सात लक्षणं मला तेव्हा आठवली. ती वाचून हा माणूस काय म्हणाला असता? ‘माझं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे मला बीपी नाही.’ गोळीने बीपी खाली येतं, पण गोळी थांबवली की बहुतेकदा ते पुन्हा वर जातं, तेही आवाज न करता. मेंदू, हृदय, मूत्रपिंड आतल्या आत झिजत राहतात.

पाऊण वाजता काका आले, बरोबर पुतण्याला घेऊन. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी काढला आणि जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. मी शेजारी उभी राहून एकेक वाक्य मराठीत सांगत होते, या वेळी आकड्यांसकट. गोळी किती वाजता, किती दिवस, परत कधी यायचं. विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हे तीनदा सांगितलं. लोणचं आणि अप्पळम कमी. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि त्यात हॉटेलच्या सांबारातलंही धरायचं. काका म्हणाले, “मंग खायाचं काय?” डॉक्टर हसले. त्यांना हे भाषांतराशिवाय कळलं.

जाताना काका मला बाजूला घेऊन म्हणाले, “गावाकडं कुनाला सांगू नगंस हां.” मी त्यांच्या गावात कुणालाच ओळखत नव्हते, तरी शब्द दिला. दुसऱ्याचा आकडा आपल्याला कळतो तेव्हा तो आपल्यापाशी ठेव म्हणून असतो. हेही स्वयंसेवकाचं कामच आहे.

पाचव्या टेबलावरच्या आजी

मेळावा संपल्यावर केळीच्या पानावर लेमन राइस खाताना डोळ्यांच्या टेबलावरच्या आजी माझ्याशेजारी बसल्या. निवृत्त शिक्षिका, तंजावरी मराठी घरातल्या. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं, तेव्हापासून जी मराठी घरं तमिळ मुलखात राहिली, त्यातलं एक. त्यांची मराठी ऐकताना आपल्याच पणजीशी बोलतोय असं वाटतं, फक्त ही पणजी मधेच तमिळमध्ये शिरते.

मी त्यांना काकांची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “आमच्या सरफोजी राजांना ठाऊक होतं बघ हे.”

दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ तंजावरच्या गादीवर होते. राज्याचा कारभार इंग्रजांनी काढून घेतला आणि राजांनी आपलं लक्ष पुस्तकांकडे आणि वैद्यकाकडे वळवलं. औषधांच्या अभ्यासासाठी धन्वंतरी महाल उभा केला. त्यांच्या छत्रांमध्ये वाटसरूला जेवणाबरोबर औषधपाणीही मिळे. आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही त्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आहेत. रोगी डोळ्यांची रंगीत चित्रं आहेत, रुग्णाला काय झालं आणि त्याच्यावर काय उपचार केले ते लिहिलेलं आहे.

“चित्रात डोळा सुंदर करून नाही काढला,” आजी म्हणाल्या. “जसा होता तसाच काढला. म्हणून आज उपयोगाचा.”

मला माझं ‘थोडं वाढलंय’ आठवलं. मी सुंदर करून काढला होता.

शोधत जायचं

हे फक्त एका काकांचं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने मिळून देशभर एक मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. बीपी वाढलेले प्रौढ ३५.५ टक्के, म्हणजे घरात तीन मोठी माणसं असतील तर हिशेबाने एकाला. आणि यातल्या कितीतरी जणांना आपल्याला काही आहे याचा पत्ताच नसतो.

तमिळनाडू सरकारने ५ ऑगस्ट २०२१ ला ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही योजना सुरू केली. नावाचा अर्थच ‘लोकांना शोधत जाणारं वैद्यक’. आरोग्यसेविका घरी येऊन बीपी-शुगर मोजतात आणि आजारी माणसाला गोळ्या घरपोच देतात. सिस्टर निवृत्तीआधी या कामात होत्या. त्या म्हणाल्या, मोजणं सोपं असतं, मोजलेल्या माणसाला पुन्हा शोधून काढणं अवघड. मेळाव्यात किती जण आले ते सगळे सांगतात. लाल गोलवाल्यांपैकी किती डॉक्टरांपर्यंत पोचले, हे विचारा. मेळावा कसा झाला, ते त्यावरून कळतं.

तुमच्या भागात असा मेळावा असेल तर

जाणार असाल तर:

• जुनी चिठ्ठी आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. ‘पांढरी गोळी, लहान’ यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.
• बीपीआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. पाच मिनिटं बसा आणि मोजताना बोलू नका.
• ‘नॉर्मल आहे का’ असं न विचारता ‘किती आहे’ असं विचारा. आकडा तारखेसकट लिहून घ्या.
• एकदा वाढलेला आकडा म्हणजे निदान नव्हे. पण तो विसरून जायची मुभाही नव्हे. डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या.
• छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, एका हातातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं असं काही झालं तर मेळाव्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

मदतीला जाणार असाल तर:

• डॉक्टर बनू नका. ‘उन्हामुळे असेल’ हेसुद्धा निदानच आहे. ते माझं काम नव्हतं.
• सांगितलेलं जसंच्या तसं त्याच्या भाषेत सांगा. आवाज मऊ असू द्या, आकडा मऊ करू नका.
• लाल गोल असलेल्या माणसाला टेबल दाखवू नका. उठा आणि त्याला तिथपर्यंत पोचवा. दहा पावलं असतात.

‘नॉर्मल’ हा आकडा नाही

दोन आठवड्यांनी काकांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. शाळेच्या वहीत रेघा मारून तारीख, वेळ आणि आकडे लिहिले होते. शेवटची नोंद १४८/९२. अजून हवं तिथे आलेलं नाही, पण खाली येतंय. खाली लिहिलं होतं, ‘घरी सांगितलं. बायको फोनवर ओरडली. आता रोज इचारते.’ त्यांच्यावर लिहू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “लिही की. पन नाव नगं. गावात समद्यांस्नी वाचता येतंय.” म्हणून नाव नाही, गावही नाही.

मी ‘हाय बीपीची ७ लक्षणं’ हा लेख बदलून देण्यासाठी ऑफिसात मेल केला आहे. नवीन मथळा सुचवलाय: ‘लक्षणांची वाट बघू नका’. तो फार चालेल असं मला वाटत नाही.

मेळाव्याच्या दिवशी संध्याकाळी मी मिरजेला फोन लावला. आईची शुगर आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, कारण ती स्वतःच सांगत असते. पप्पांबद्दल कधी कुणी विचारलंच नव्हतं.

“पप्पा, तुमचं बीपी किती आहे?”

“नॉर्मल.”

“नॉर्मल म्हणजे किती?”

“अगं नॉर्मल म्हणजे नॉर्मल.”

“शेवटचं कधी मोजलं?”

बराच वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला. मग पप्पा म्हणाले, “तुझ्या अकरावीच्या ॲडमिशनच्या वेळी दाखवलं होतं बहुतेक.”

माझी अकरावी होऊन नऊ वर्षं झाली. सोमवारी सकाळी आई त्यांना घेऊन गेली. १४६/९४. डॉक्टरांनी आठवडाभर रोज मोजून परत बोलावलं आहे. पप्पा चिडलेत. माझ्यावर, आईवर, मशीनवर. चिडू देत.

तुमच्या घरात ‘नॉर्मल’ असं उत्तर कोण देतं? आज रात्री जेवताना त्यांना आकडा विचारून बघा.